१९४८-४९ चा रणजी हंगाम, भिंतीवरच्या नकाशात : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

वाचनालयाच्या दर्शनी भिंतीसाठी नकाशा करायचं नक्की झालं. आकार ६ फूट बाय ४ फूट. विषय रणजी करंडक. हंगाम कुठला, यावर तासभर घासाघीस.

समितीला १९३४-३५ हवा होता, स्पर्धेचं पहिलं वर्ष म्हणून. त्यातही मसाला आहेच. ४ नोव्हेंबर १९३४ ला मद्रासच्या चेपॉकवर पहिला सामना झाला आणि त्याच दिवशी संपलासुद्धा. म्हैसूर ४८ आणि ५९, मद्रास १३०, एका डावाने विजय, ए. जी. रामसिंग ३५ धावांत ११ बळी. गोष्ट झकास, पण ती भिंतीवर लावायला एक तक्ता पुरे. नकाशाला काहीतरी हलणारं लागतं.

माझं म्हणणं १९४८-४९ घ्या. रणजीचा पंधरावा हंगाम, फाळणीनंतरचा दुसरा. खाली संस्थानं एकामागून एक विलीन होत होती आणि वर संघ जुन्याच नावांनी टॉस करत होते. शिवाय हंगामातले दोन मोठे विक्रम पुण्यातलेच, त्यामुळे समितीचा विरोध फार टिकला नाही.

९ जानेवारी

क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये पायाभूत लेयर टाकला. पहिली अडचण तारखेची. नकाशा एका दिवसाचा असतो, हंगाम काही महिन्यांचा. आणि हे महिने नेमके असे की डिसेंबरची सीमारेषा मार्चमध्ये खोटी ठरते.

ठरवलं ते असं: पायाचा नकाशा १६ डिसेंबर १९४८ चा, पुण्यातला पहिला विक्रमी सामना सुरू झाला त्या दिवसाचा. त्यानंतर १ मे १९४९ पर्यंत जे जे विलीन झालं त्यावर तिरक्या रेघा. आधी झालेलं सरळ भरीव रंगात.

भरीव रंगात गेलेले: सांगली, मिरज, फलटण, औंध, भोर वगैरे दक्षिणी संस्थानं, ८ मार्च १९४८ ला मुंबई राज्यात. इंदूर मध्य भारतात, पण संघाचं नाव होळकर ते होळकरच. पतियाळा जुलै १९४८ मध्ये पेप्सूत, म्हणजे पतियाळा आणि पूर्व पंजाबातल्या संस्थानांच्या संघराज्यात. करंडक ज्या महाराजा भूपिंदर सिंगांनी दिला, त्यांचं संस्थान या हंगामापर्यंत नकाशावरून गेलेलं होतं. ज्यांच्या नावाचा करंडक, त्या रणजींचं नवानगरही गेलेलं. नवानगर नुसतं रणजींचं गाव नव्हे, १९३६-३७ चा विजेता संघ. या हंगामात त्या नावाचा संघच नाही.

तिरक्या रेघांत: कोल्हापूर, १ मार्च १९४९. बडोदा, १ मे १९४९.

गोवा कोरा ठेवलाय, पोर्तुगीज म्हणून फिकट राखाडी. गोव्याचा संघ रणजीत यायला १९८५-८६ उजाडलं. विदर्भाचाही वेगळा संघ तेव्हा नव्हता, तो १९५७-५८ चा. नागपूर इथे मध्य प्रांत आणि वऱ्हाडाच्या रंगात दिसणार. नागपूरकर वाचक कुरकुरतील, पण त्या डिसेंबरात वस्तुस्थिती तीच होती.

१५ जानेवारी

काठेवाडवर दोन संध्याकाळ गेल्या. दोनशेच्या वर संस्थानं आणि जहागिरी, काही पॉलिगॉन इतके बारीक की छापल्यावर ठिपका दिसेल. एका तुकड्याच्या पोटात दुसऱ्याचं गाव, त्याच्या आत तिसऱ्याची वाडी. मोठं करून पाहिलं तर राजकोटच्या आजूबाजूलाच रंगांचा नुसता गोधडा.

शेवटी आतल्या सीमा काढूनच टाकल्या. त्याला आधारही आहे. १५ फेब्रुवारी १९४८ ला जामनगरला सरदार पटेलांच्या हस्ते संयुक्त काठेवाड राज्याचं उद्घाटन झालं, जामसाहेब दिग्विजयसिंहजी राजप्रमुख झाले. म्हणजे आमच्या पायाच्या तारखेला हा सगळा एकच रंग. अपवाद जुनागढचा, तो अजून आलेला नव्हता. त्याला वेगळी छटा.

संघाचं नाव मात्र काठेवाडच राहिलं. सौराष्ट्र या नावाने संघ उतरतो १९५०-५१ पासून. नकाशात जमिनीचं नाव आणि संघाचं नाव दोन वेगळ्या टाइपात: जमीन करड्या बारीक अक्षरांत, संघ जाड लाल अक्षरांत. हा नियम काठेवाडसाठी केला, पण बाकी नकाशालाही तोच लावायचा.

२१ जानेवारी

पुण्याच्या ठिपक्याला दोन लेबलं लागणार. पहिलं आज केलं.

महाराष्ट्र वि. काठेवाड, १६ ते १८ डिसेंबर १९४८. काठेवाड २३८. महाराष्ट्र ४ बाद ८२६. भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३, कमल भांडारकर २०५, दोघांची दुसऱ्या विकेटची भागी ४५५. ही भागी तेव्हाचा जागतिक विक्रम. तो मोडला १९७४ मध्ये इंग्लंडात जेमिसन आणि कन्हाय यांनी, ४६५ करून. मग १९९१-९२ मध्ये तो भारतात परत आला, झहीर आलम आणि आपल्या लालचंद राजपूतने आसामकडून ४७५ केल्या तेव्हा.

निंबाळकरांचा डाव ४९४ मिनिटांचा, ४९ चौकार, १ षटकार. म्हणजे सीमेपलीकडे २०२ आणि पळून २४१. तरुण मंडळींना हा आकडा जास्त भिडेल असं वाटतं, म्हणून लेबलात तोच घेतला. सव्वाआठ तास उभं राहून २४१ धावा स्वतःच्या पळायच्या, वर भांडारकरांच्या वेगळ्या.

बाकीची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. ब्रॅडमनच्या नाबाद ४५२ या तेव्हाच्या जागतिक विक्रमाच्या पुढे जायला १० हव्या होत्या, खेळ विश्रांतीला थांबला, काठेवाडचे कर्णधार राजकोटचे ठाकोरसाहेब म्हणाले डाव घोषित करा नाहीतर आम्ही चाललो, आणि खरोखरच निघून गेले. सामना सोडून दिला. पुण्यात हे सांगताना अजून आवाज चढतात.

इथे समितीतल्या एकांनी सुचवलं की लेबलात लिहा: दहा महिन्यांपूर्वी राज्य गेलेला राजा, आणि त्यात समोर ही धुलाई. वाक्य आकर्षक आहे. घेतलं नाही. राजकोट विलीन झालं हे खरं, कर्णधार सामना सोडून गेले हेही खरं. एकामुळे दुसरं झालं असं म्हणायला हातात काहीच नाही. नकाशात दोन्ही गोष्टी आपापल्या जागी आहेत, ज्याला जोडायच्या तो जोडेल.

सामन्यांच्या तक्त्यात निकालाच्या रकान्यात विजय, पराभव आणि अनिर्णित एवढंच ठेवलं होतं. ‘काठेवाडने सामना सोडला’ हा चौथा प्रकार घालावा लागला. अख्ख्या तक्त्यात एकाच ओळीला.

३० जानेवारी

नावांची साफसफाई. जुन्या धावफलकात आडनाव आणि आद्याक्षरं एवढंच. संगणकाला सगळे मर्चंट एक, सगळे देवधर एक.

मर्चंट: या हंगामातल्या मुंबई वि. महाराष्ट्र उपांत्य सामन्यातली दोन शतकं विजयची नव्हेत, त्यांचा धाकटा भाऊ उदयची. देवधर: दि. ब. नव्हेत, शरद देवधर. दि. बं.नी महाराष्ट्राला १९३९-४० आणि १९४०-४१ असे लागोपाठ दोन करंडक जिंकून दिले. दुसऱ्या वर्षी मुंबईविरुद्ध २४६ काढले तेव्हा वय ४८. निंबाळकरही दोन, भाऊसाहेब आणि थोरले रावसाहेब. प्रत्येक खेळाडूला एक क्रमांक दिला, आडनावावर शोधायचंच नाही असं ठरवलं.

हे करताना जन्मगावाचा रकाना सहज म्हणून जोडला.

३१ जानेवारी

सहज जोडलेला रकानाच आता नकाशाचा मुख्य लेयर होणार असं दिसतंय.

जन्मगावापासून संघाच्या शहरापर्यंत एक रेघ ओढली. अपेक्षा अशी की बहुतेक रेघा आपल्याच प्रदेशात राहतील. उपांत्य सामन्यातलीच माणसं घेऊन बघा. माधव मंत्री नाशिकचे, खेळले मुंबईकडून. दत्तू फडकर कोल्हापूरचे, मुंबईकडून. मधुसूदन रेगे पनवेलचे, म्हणजे मुंबईच्या उंबऱ्यातले, आणि खेळले महाराष्ट्राकडून. नाशिकची रेघ खाली मुंबईत उतरते, पनवेलची घाट चढून पुण्यात जाते, दोन्ही एकमेकींना जवळजवळ घासून.

कोल्हापुरातून तर दोन रेघा निघतात. एक पुण्याला निंबाळकरांची, एक मुंबईला फडकरांची. एकाच गावची दोन माणसं, एकाने त्या हंगामात महाराष्ट्राकडून ४४३ काढले, दुसऱ्याने महाराष्ट्राला दोन्ही डावांत शतकं ठोकली.

विजय हजारे सांगलीचे. १९३९-४० मध्ये महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६, आणि १९४८-४९ मध्ये त्याच बडोद्याचे आधारस्तंभ. सांगली ते बडोदा ही नकाशावरची सगळ्यात लांब मराठी रेघ. बडोद्यात मराठी दरबार, मराठी शाळा, क्रिकेटवेडे गायकवाड. या रेघेचं कारण त्यात आहे, आणि ते लेबलात एका वाक्यात मावतं.

निंबाळकरांच्या आयुष्यभराच्या रेघा मात्र काढणार नाही. बडोदा, होळकर, मध्य भारत, राजस्थान, रेल्वे. नकाशाचं जाळं होईल.

६ फेब्रुवारी

रंगाचा पहिला प्रूफ घरच्या प्रिंटरवर, ए-थ्री. ग्रंथपाल बाईंना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून थेट गुजरातवर बोट ठेवलं.

“अहो, बडोदा गुजरातेत ना? मग आपल्या रंगात कशाला रंगवलंय?”

“ताई, तेव्हा गुजरात नावाचं राज्यच नव्हतं. सगळं मुंबई राज्य.”

“मग अहमदाबादही आपल्यात?”

“तेही.”

“मग हे सगळे आपापसातच खेळत होते की!”

नेमकं हेच मला लेबलात लिहायचं होतं आणि इतकं सरळ सुचत नव्हतं. मुंबई राज्याच्या एकाच रंगावर तीन लाल नावं आहेत: मुंबई, महाराष्ट्र, गुजरात. मे १९४९ पासून चौथं बडोदा. उपांत्य सामना मुंबई वि. महाराष्ट्र हा एकाच राज्यातल्या दोन संघांचा. अंतिम सामना मुंबई वि. बडोदा, तोही संपून काही आठवडे होतात न होतात तोच दोन्ही संघ एका राज्यात. आणि १९५६ च्या द्वैभाषिकात सौराष्ट्रही आलं, म्हणजे त्या डिसेंबरात पुण्यातून सामना सोडून गेलेला संघही शेवटी याच रंगात.

मग १ मे १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात झाले. क्रिकेटने त्याची दखलच घेतली नाही. आज महाराष्ट्रात तीन संघ आहेत, मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ; गुजरातेतही तीन, गुजरात, बडोदा आणि सौराष्ट्र. ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र’ रस्त्यावर मिळाला, मैदानावर मुंबई वेगळी ती वेगळीच. महाराष्ट्र नावाचा संघ तर राज्याच्या आधी पाव शतक रणजी खेळत होता.

मजकूर त्यांच्या वाक्यावरच बेतला. ‘आपापसात’ हा शब्द ठेवला.

१३ फेब्रुवारी

पुण्याचं दुसरं लेबल. याला जागा जास्त दिली आहे, ४४३ च्या दुप्पट. समितीत नाराजी आहे, तरी मी यावर अडून बसलोय.

मुंबई वि. महाराष्ट्र, ५ ते ११ मार्च १९४९. सात दिवस. मुंबई ६५१, महाराष्ट्र ४०७, मुंबई ८ बाद ७१४ डाव घोषित, महाराष्ट्र ६०४. एकूण २३७६. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात इतक्या धावा जगात कुठेही झालेल्या नाहीत, आजतागायत.

नऊ शतकं. मंत्री २००, उदय मर्चंट १४३ आणि १५६, फडकर १३१ आणि १६०, दातार १४३, रेगे १३३ आणि १००, शरद देवधर १४६. तिघांची दोन्ही डावांत शतकं. नुसत्या या नऊ डावांची बेरीज १३१२, म्हणजे सामन्यातल्या निम्म्याहून जास्त धावा.

आणि आता बघा काय झालं ते. पहिल्या डावात २४४ ची आघाडी हातात असताना मुंबई पुन्हा फलंदाजीला आली आणि आणखी ७१४ काढूनच थांबली. महाराष्ट्रापुढे आव्हान ९५९ चं. नऊशे एकोणसाठ! महाराष्ट्राने त्यापुढे ६०४ केल्या. एरवी चौथ्या डावात ६०४ केल्या तर गाव दिवाळी करतं. इथे ३५४ धावांनी हार.

ही उधळण फलंदाजांच्या गुणावर खपवली जाते. मला ते अर्धं खरं वाटतं. उरलेलं अर्धं घड्याळात आहे. निकाल लागेपर्यंत खेळायचं म्हटलं की कर्णधाराला डाव सोडायची घाईच राहत नाही. समोरच्याला बाद करायला वेळ कमी पडेल ही भीती नाही, मग धोका का घ्या? याच मुंबईने १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात होळकरविरुद्ध दुसऱ्या डावात ७६४ केल्या होत्या, सामन्याची बेरीज २०७८. डेनिस कॉम्प्टनचे नाबाद २४९ होळकरला वाचवू शकले नाहीत. मुंबईला ही रीत चांगली जमली होती: दोनदा डोंगर रचायचा, मग सावकाश गडी उचलायचे.

या लेबलात गोलंदाज कुठेच नाहीत, हे खटकतं. सात दिवस महाराष्ट्राच्या गोलंदाजांनी १३६५ धावा मोजल्या, त्याही डिसेंबरात याच शहरात स्वतःच्या संघाच्या ८२६ बघितल्यानंतर. शतकवीरांखाली एक ओळ त्यांच्यासाठी ठेवली आहे, आकड्यांशिवाय.

१४ फेब्रुवारी

वरच्या लेबलात एक भर. रेगे त्याच जानेवारीत मद्रासला वेस्ट इंडीजविरुद्ध त्यांची एकमेव कसोटी खेळले. फडकरांनी त्याच कसोटीत १५९ धावांत ७ बळी घेतले, आणि ८ फेब्रुवारीला मुंबईच्या ब्रेबर्नवर ३६१ चा पाठलाग करताना भारत ८ बाद ३५५ वर थांबला तेव्हा ते ३७ वर नाबाद होते. म्हणजे मार्चमध्ये पुण्यात ही माणसं थेट कसोटीच्या धबडग्यातून आलेली.

आणि निंबाळकर? त्यांचे ४४३ दुसऱ्या आणि तिसऱ्या कसोटीच्या मधल्या दिवसांतले. दुसरी कसोटी १३ डिसेंबरला संपली, १६ ला हा सामना सुरू. निवड समितीच्या डोळ्यांदेखतच म्हणा ना. कसोटीत त्यांना कधीच घेतलं नाही, त्या मालिकेतही नाही, नंतरही नाही. ४४३ हा आजही रणजीतला सर्वोच्च डाव आहे.

२० फेब्रुवारी

कोल्हापूरच्या तिरक्या रेघांवर चर्चा. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात आलं आणि ५ मार्चला उपांत्य सामना सुरू झाला. फडकर कोल्हापूरचे म्हणून एका नव्या राज्याचे चार दिवसांचे नागरिक झाले असतील नसतील, पण धावा त्यांनी ज्या संघाकडून काढल्या तो आणि ज्याच्याविरुद्ध काढल्या तोही, आता त्यांच्याच राज्यातले. या गमतीसाठी कोल्हापूरजवळ तारखेचं छोटं निशाण टाकलं. बडोद्याजवळही तसंच.

अंतिम सामन्याचं लेबल मुद्दाम लहान. मुंबईने बडोद्याला ४६८ धावांनी हरवलं, के. सी. इब्राहिम २१९. एकतर्फी सामना. सांगण्यासारखं जे होतं ते पुण्यात होऊन गेलं होतं.

२६ फेब्रुवारी

प्रेसवर. प्रेसवाले काका फ्लेक्सच घ्या म्हणून मागे लागले, स्वस्त आणि धुता येतं. पण वाचनालयात समोरच मोठी खिडकी आहे, फ्लेक्स चकाकतो आणि करडी बारीक अक्षरं दुपारी दिसेनाशी होतात. मॅट कागद, मागे सनबोर्ड, असं ठरलं. काकांच्या मशीनवर लाल जरा केशरीकडे झुकतो, म्हणून संघांच्या नावांचा लाल एक घर गडद केला.

काठेवाडचा रंग आणि मुंबई राज्याचा रंग कागदावर फारच जवळचे आले. पडद्यावर वेगळे दिसत होते. काठेवाड निळ्याकडे नेला. जुनागढची छटा त्यामुळे पुन्हा बसवावी लागली.

२ मार्च

शेवटची वाचनं. शुद्धलेखन ग्रंथपाल बाईंनी पाहिलं, आकडे मी आणि मामेभावाने एकमेकांना मोठ्याने वाचून. चार डावांची बेरीज तीनदा केली, २३७६ च येते.

लेजंडमध्ये, म्हणजे नकाशाच्या खुणांच्या यादीत, सात खुणा झाल्या होत्या, पाच ठेवल्या. वेस्ट इंडीजच्या कसोट्यांचे ठिपके काढले, तो वेगळा नकाशा आहे. जन्मगावांच्या रेघा राहिल्या, त्यांचा रंग काळा, जाडी अर्धा मिलिमीटर. नाशिक–मुंबई आणि पनवेल–पुणे या दोन रेघांची नावं एकमेकांवर चढत होती. रेगेंचं नाव रेघेच्या घाटाकडच्या टोकाला सरकवलं, मंत्रींचं नाशिकजवळ. आता वाचता येतं.

फाइल प्रेसला दिली. परवा दुपारी मिळेल म्हणालेत. खिळे, वायर आणि शिडी वाचनालयाच्या शिपायाकडे आहेत, पाणसळ मात्र घरून न्यायची आहे.